सयाजीनानांचा पूल

डिंगोरे गावच्या सयाजीनानांना राजकारण कळत नव्हतं असं कुणी म्हणालं नसतं. उलट जरा जास्तच कळायचं, आणि कळलेलं पोटात ठेवायची सवय त्यांना नव्हती. सकाळी डेअरीला दूध घालून झालं, की त्यांची स्कूटर थेट ओतूरच्या एसटी स्टँडजवळ, गोकुळच्या हॉटेलपुढे लागायची. कोपऱ्यातल्या बाकावर नाना टेकले, की आसपासची मंडळी हातातला पेपर खाली ठेवायची. पेपरात असेल ते नाना सांगायचेच, नसेल तेही सांगायचे.

निवडणूक आली की नानांना बहर यायचा. एक उमेदवार 'मी तुमच्यासारखाच शेतकरी' असं म्हणत कांद्याच्या वाफ्यात फोटो काढून गेला, तर नाना दोन दिवस त्याच्या पांढऱ्याशुभ्र बुटांवर बोलत होते. खुरपं उलटं धरलं होतं आणि ते फोटोवाल्यानं सरळ करून दिलं, हे नानांनी स्वतः पाहिलं होतं म्हणे. तिघे उमेदवार एकाच सोमवारी भीमाशंकरला जाऊन अभिषेक करून आले, तेव्हा नानांना महादेवाची काळजी वाटली. तिघांनाही तथास्तु म्हणावं, तर पद एकच. बिबट्यांचा बंदोबस्त तर प्रत्येकाच्या भाषणात असायचाच. कुणी कुंपण देणार होता, कुणी नसबंदी करणार होता, एक जण तर सगळे बिबटे पकडून परराज्यात पाठवायला निघाला होता. नाना म्हणायचे, "त्यापरीस बिबट्या बरा राव. शेळी न्यायची तर गुमान नेतो. आधी दारात येऊन हात जोडत न्हाई."

पण नानांची खरी करामत म्हणजे नक्कल. ते उभे राहायचे, स्टीलचा ग्लास माईकसारखा तोंडापुढे धरायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि उजव्या हाताचं बोट आभाळाकडे करून म्हणायचे, "येत्या पावसाळ्याच्या आत! हा माझा शब्द आहे!" काय होणार पावसाळ्याच्या आत, ते नाना कधी सांगायचे नाहीत. त्याची गरजही नसायची. हॉटेल हसून लोळायचं, आणि गोकुळ त्यांचा दुसरा चहा न सांगता पाठवायचा.

त्या हिवाळ्यात पंचायत समितीची निवडणूक लागली. त्यांचा गण, म्हणजे मतदारसंघ, महिलांसाठी राखीव निघाला. मोठ्या पक्षानं तिकीट दिलं वैजयंतीताईंना. वैजयंतीताई म्हणजे कांद्याचे व्यापारी सुनीलशेठ यांच्या मिसेस. फ्लेक्सवर ताईंचा फोटो होता आणि ताईंच्या दीडपट सुनीलशेठचा. नानांना अख्ख्या आठवड्याचा खुराक मिळाला. एका सकाळी त्यांनी नवी नक्कल काढली. डोक्यावर टॉवेलचा पदर घेतला, मान खाली घातली आणि बारीक आवाजात म्हणाले, "मला काय बाई कळत न्हाई, आमच्या ह्यांना इचारा."

सगळे हसले. गोकुळ मात्र हसला नाही. तो कपबश्या विसळत होता. विसळता विसळता त्यानं नानांना विचारलं, की घरच्या उमेदवाराची नक्कल पण बसवली का?

"कोण घरचा?"

"तुमची सून. काल फॉर्म भरला ना. तुमाला म्हाईत न्हाई?"

नानांनी डोक्यावरचा पदर काढला आणि टॉवेल खांद्यावर टाकला. त्या दिवशी त्यांचा दुसरा चहा कपात तसाच राहिला.

घरी आल्यावर उलगडा झाला. सून तेजस्विनी गेली चार-पाच वर्षं गावातल्या बायांचा बचत गट चालवत होती. बायांचे अडलेले दाखले, कुणाची विहिरीची फाईल, कुणाचं पेन्शन, यासाठी जुन्नरला तालुक्याच्या कचेरीत तिच्या खेपा असायच्या. बायांनीच धरून बसवलं होतं, की तू उभी राहा, अपक्ष तर अपक्ष. तिनं चाकणला कंपनीत असलेल्या नवऱ्याला, म्हणजे गोरखला, फोन केला. तो म्हणाला, आईला विचार. ठकूबाई, म्हणजे तिची सासू, विचारायच्या आधीच हो म्हणाल्या. मग राहिले नाना.

"मला का न्हाई सांगितलं?" नानांनी बायकोला विचारलं.

"सांगितलं असतं तर फॉर्म भरायच्या आत अख्ख्या ओतुराला कळलं असतं," ठकूबाई म्हणाल्या आणि भाकरी थापू लागल्या.

नानांनी ताट पुढे ओढलं.

खरी पंचाईत पुढे झाली. नाना हॉटेलात गेले, की सगळे त्यांच्या तोंडाकडे बघायचे. आधी जे बोलत होते ते आता बोलावं तर, सून उभी आहे म्हणून दुसऱ्याला नावं ठेवतो, असं व्हायचं. न बोलावं तर, सून उभी राहिली आणि नानांची बॅटरी उतरली, असं व्हायचं. त्यात तेजस्विनीला चिन्ह मिळालं कपबशी. गोकुळच्या हॉटेलात येणारा प्रत्येक चहा तिचा प्रचार ठरू लागला. सुनीलशेठची माणसं कागदी कप मागू लागली. एकानं तर चहा ग्लासात आण म्हणून सांगितलं आणि बोटं पोळून घेतली. एरवी एवढ्यावर नानांनी पाऊण तास काढला असता. आता ते नुसते मिशीत हसायचे आणि हसू दिसू नये म्हणून रुमालानं तोंड पुसायचे.

तेजस्विनीचा प्रचार म्हणजे दारोदार फिरणं. रिक्षा नाही, गाणी नाहीत. बाया दुपारी कामं आटोपून निघायच्या आणि दिवेलागणीला परत यायच्या. ती काय बोलते ते नानांनी एकदा गोठ्यात उभं राहून ऐकलं. शेजारच्या ओट्यावर ती सांगत होती, की मला जे जमेल तेच मी सांगीन. कागद कुठं अडलाय ते मला शोधता येतं, तेवढं मी करीन. नानांना ते पटलं. पण त्याच वेळी त्यांच्या मनात आलं, की यात काही दम नाही. असल्या बोलण्याला टाळी कशी पडणार? हा विचार आपल्याला आला, याचं त्यांना जरा आश्चर्यही वाटलं.

प्रचाराच्या शेवटच्या संध्याकाळी मारुतीच्या देवळापुढे एक छोटी सभा ठरली. बायांचं म्हणणं पडलं, की सुरुवातीला नानांनी दोन शब्द बोलावेत. माणसं नानांना ऐकायला येतील आणि आली की तेजस्विनीलाही ऐकतील. नाना आधी नको नको म्हणाले. मग त्यांनी कपाटातला परीटघडीचा सदरा काढून तो ऊन दाखवायला दोरीवर टाकला.

निघताना तेजस्विनी म्हणाली, "मामा, तुम्ही फक्त ओळख करून द्या. रस्ता, पूल, पाणी यातलं काही बोलू नका. विचारलं कुणी तर माझ्याकडे द्या."

"आता तू मला शिकवती का? अगं, आख्खा जल्म या लोकांची भाषणं सोलण्यात गेलाय माझा."

"म्हणूनच सांगते," ती म्हणाली.

सभेला गर्दी झाली. गावातली झाली, ओतुराहून गोकुळ हॉटेल बंद करून आला, आणि सुनीलशेठची माणसंही मागच्या बाजूला मोटारसायकलींवर बसून राहिली. नानांनी माईक हातात घेतला. खरा माईक स्टीलच्या ग्लासापेक्षा जड असतो, हे त्यांना त्या क्षणी कळलं. पहिली दोन वाक्यं अडखळली. मग त्यांनी पांढऱ्या बुटांची गोष्ट सांगितली. माणसं हसली. महादेवाची अडचण सांगितली. टाळ्या पडल्या. बिबट्याचं सांगितलं तेव्हा मोटारसायकलींवरचेही हसले. नानांच्या अंगात ऊब चढली. आवाज आपोआप वाढला. हॉटेलातलं हसणं आणि सभेतली टाळी यांत फरक असतो. टाळी वाजली की माणसाला वाटतं, अजून काहीतरी द्यावं.

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून झुंबरबाई उठल्या. झुंबरबाईंचं माहेर भीमाशंकराकडचं, डोंगरातलं. सासर ओढ्यापलीकडच्या वाडीत. वाडीची दहा-बारा घरं. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की वाडी तुटायची. पोरांची शाळा बुडायची, दुधाची किटली डोक्यावर घेऊन छातीएवढ्या पाण्यातून यावं लागायचं. त्यांनी एवढंच विचारलं, की नाना, आमच्या पुलाचं काय?

नानांनी माईक तेजस्विनीकडे द्यायचा होता. ते तिच्याकडे वळलेही. पण समोर एवढी माणसं कान टवकारून बसलेली, आणि उत्तर तर जिभेवर तयार होतं. वर्षानुवर्षं घासून घासून गुळगुळीत झालेलं. नानांचे डोळे अर्धे मिटले, उजव्या हाताचं बोट आभाळाकडे गेलं.

"येत्या पावसाळ्याच्या आत," ते गरजले, "वाडीला पूल व्हनार! हा माझा शब्द आहे!"

नानांचं बोट वरच होतं. मग मागून कुणीतरी फुस्सकन हसलं, आणि मग सगळं अंगण हसलं. गोकुळ पोट धरून खाली बसला. लोकांना आधी वाटलं, नानांनी नक्कलच केली. पण नानांचा चेहरा पाहिला, तेव्हा कळलं की नक्कल नव्हती. त्यामुळे तर आणखीच हसले. न हसणाऱ्या दोघीच होत्या. एक झुंबरबाई, दुसरी तेजस्विनी.

तेजस्विनीनं सासऱ्यांच्या हातातून हळूच माईक घेतला.

"मामांनी पुलाचं सांगितलं," ती म्हणाली. "पंचायत समितीच्या सदस्याला पूल बांधता येत नाही. मागणी करता येते, मागे लागता येतं, आणि तेवढं मी करीन. पावसाळ्याच्या आत होईल का, मला माहीत नाही. बाकी मामांनी दिलेला शब्द मामांचा आहे. तो त्यांना विचारा."

नाना खुर्चीवर बसले. सदऱ्याच्या पाठीला घाम आला होता आणि जानेवारीची थंडी त्यात शिरत होती.

निकाल लागला. तेजस्विनी थोडक्यात पडली. वाडीनं तिला भरभरून मतं दिली होती, बायांनी दिली होती. पण वैजयंतीताईंचा फ्लेक्स गावोगाव लागला होता आणि सुनीलशेठची गाडी प्रत्येक चौकात थांबली होती. गोकुळचं मत असं पडलं, की जी बाई 'मला जमणार नाही' म्हणून सांगते, तिला माणसं मान देतात, मत देत नाहीत. नानांना हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. त्यांचंच मत होतं ते, फक्त दुसऱ्याच्या तोंडून आलं होतं. त्यांना बरं वाटलं नाही. आपलं बोट वर गेलं नसतं तर, असं त्यांना आठ दिवस वाटत राहिलं. तेजस्विनीनं निकालानंतर एक दिवस घराचे सगळे पडदे धुऊन काढले. दुसऱ्या दिवशी कुणाचं तरी पेन्शन अडलं होतं म्हणून जुन्नरला गेली.

आणि मग एका सकाळी झुंबरबाई दारात आल्या. दूध घालून परत चालल्या होत्या. रागावलेल्या नव्हत्या. ओट्याला टेकून त्यांनी पाणी मागितलं, प्यायल्या आणि विचारलं, "नाना, पूल कवा?"

नाना म्हणाले, की सून पडली ना बाई.

"सूनबाईंनी कुठं शबुद दिला व्हता? तुमी दिला व्हता. तुमी कुठं पडला?"

चार-सहा दिवसांनी त्या परत आल्या. पुन्हा पाणी, पुन्हा तोच प्रश्न, तेवढ्याच शांतपणे. नानांनी डेअरीला जायची वेळ बदलली. मग झुंबरबाई डेअरीतच भेटू लागल्या. हॉटेलात गेलं, तर तिथंही कुणी ना कुणी विचारायचंच, की काय नाना, पावसाळा जवळ आला. इतकी वर्षं नानांनी पुढाऱ्यांच्या कातड्याच्या जाडीवर विनोद केले होते. आता त्यांना कळलं, की ते कातडं जन्माचं नसतं, पुन्हा पुन्हा असं विचारलं जाऊनच येत असणार. आणि आपल्याला ते आलेलं नाही, हेही कळलं. रात्री जेवण जाईना.

"आता जेवा," ठकूबाई म्हणाल्या. "तुमच्या वाचलेल्या पिठाचा काय पूल व्हनार हाय का?"

शेवटी नानांनी सुनेला विचारलं. विचारायला त्यांना अवघड गेलं. तेजस्विनी म्हणाली, की पूल आपल्याला जमणार नाही. पण ओढ्यात नळ्या टाकून वर भराव केला, तर पाणी खालून जाईल आणि माणूस वरून. आणि नळ्या आहेत. गायरानाच्या कडेला सिमेंटच्या मोठाल्या नळ्या कोणत्याशा अर्धवट राहिलेल्या कामाच्या पडून होत्या. इतकी वर्षं पडल्या होत्या, की त्यांत कुत्री विणायची आणि पोरं लपाछपी खेळायची. त्या ग्रामपंचायतीच्या ताब्यात आहेत का, याचा शोध तिनं आधीच लावून ठेवला होता. होत्या.

तिनं ग्रामसभेत विषय मांडला, ठराव करून घेतला. नाना घरोघर फिरले. मत मागायला फिरले नव्हते, ते आता ट्रॅक्टर मागायला फिरले. ज्यांच्या नकला केल्या होत्या, त्यांच्याही दारात गेले. काही जणांनी टिंगल केली. नानांनी ऐकून घेतली आणि ट्रॅक्टर आणला. वाडीची माणसं तर होतीच. झुंबरबाईंनी ओढ्यातले दगड असे काही हलवले, की तरण्या पोरांनी लाजून फावडी धरली. नाना मधे उभे राहून सूचना करू लागले, तेव्हा झुंबरबाईंनीच नानांच्या हातात घमेलं दिलं. नळ्या बसल्या, त्यांच्यावर दगड, दगडावर मुरूम. पाऊस यायला अजून अवकाश होता. माणसाला चालता येईल, मोटारसायकल हळू नेता येईल, असा रस्ता ओढ्यावर उभा राहिला. त्याला पूल म्हणणं म्हणजे शेळीला गाय म्हणणं झालं, असं नाना स्वतःच म्हणाले. वाडीनं मात्र त्याला पूलच म्हटलं.

ही बातमी सुनीलशेठना कळायला वेळ लागला नाही. तिसऱ्या दिवशी ओढ्याच्या काठावर भला मोठा फ्लेक्स उभा राहिला. 'सौ. वैजयंतीताई यांच्या अथक प्रयत्नांतून साकारलेल्या पुलाचे लोकार्पण.' मांडव आला, लाल फीत आली, पेढे आले. तेजस्विनीची बायामंडळी चिडली. नानांच्या चेहऱ्याकडे सगळं गाव बघू लागलं. सुनीलशेठ मोठ्या मनाचे; त्यांनी नानांना मांडवात पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि दोन शब्द बोलायलाही सांगितलं.

नाना उठले. माईक घेतला. या वेळी दोन्ही हातांनी घेतला, म्हणजे बोट मोकळं राहणार नाही.

"नळ्या गायरानातल्या," ते म्हणाले. "ठराव तेजस्विनीनं घेतला. दगड वाडीनं उचललं, लई उचललं झुंबरबाईंनी. ट्रॅक्टर तुमच्यातल्यांचंच. आन् फीत सुनीलशेठनी आणली. फीत चांगली हाय."

एवढं बोलून ते बसले. आधी बाया हसल्या, मग वाडी, मग सगळेच. सुनीलशेठही हसले. एवढ्यानं रुसायला ते काही नवखे नव्हते. वैजयंतीताईंनी मात्र हसू आवरायला पदर तोंडाला लावला, आणि फीत कापताना कात्री पुढे होऊन तेजस्विनीच्या हातात दिली. हे सुनीलशेठनी ठरवलेलं नव्हतं. फोटोवाल्याला क्षणभर कुणाचा फोटो काढावा कळेना.

फीत कापून होते न होते, तोच झुंबरबाईंनी सुनीलशेठना गाठलं आणि वाडीतल्या विजेच्या खांबाचं विचारलं. सुनीलशेठचा उजवा हात हळूहळू वर जाताना नानांनी पाहिला. त्यांनी तोंड फिरवलं आणि पेढा तोंडात टाकला.

संध्याकाळी मांडववाले फ्लेक्स उतरवून टाकून निघाले होते. कडब्यावर झाकायला बरा पडेल म्हणून ठकूबाईंनी तो घरी आणला. गोठ्यामागे पसरताना त्यांच्या लक्षात आलं, की खालच्या ओळीत, शुभेच्छुकांच्या गर्दीत, नानांचाही फोटो आहे. नाव 'संभाजीनाना' असं छापलं होतं, पण मिशी नानांचीच होती. त्यांनी फ्लेक्स छापील बाजू खाली करून कडब्यावर टाकला, चार कोपऱ्यांना दगड ठेवले आणि आत गेल्या.

सकाळी त्या शेण काढायला आल्या, तर दगड जागच्या जागी होते, पण फ्लेक्स उलटलेला होता. छापील बाजू वर. फोटोंची खालची ओळ रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल अशी केलेली. नाना तिकडे पाठ करून म्हशीला वैरण घालत होते.

"वारं लई व्हतं रातीला," ते म्हणाले.

ठकूबाईंनी चार कोपऱ्यांवरच्या दगडांकडे एकदा पाहिलं. त्यांनी पाटी उचलली आणि कामाला लागल्या.